शिरा येईपर्यंत

नायट्रोजनच्या कॅनला हार घालायचा की नाही, यावर सकाळी सकाळी आमची हुज्जत झाली. लॅबचा शिपाई यल्लाप्पा म्हणाला, मामा, हे काय हत्यार नव्हे, हा नुसता डबा. मी म्हटलं, बाबा रे, या लॅबमध्ये सध्या सगळ्यात मोठा मान याचाच. आणि कॅनच्या गळ्यात झेंडूचा हार अडकवला, पोटावर हळदकुंकवाची बोटं ओढली, आणि पांढऱ्या चादरीवर मधोमध त्याला बसवला. दोन्ही बाजूंना सूक्ष्मदर्शकं, गाठींचे पातळ काप काढायचं जुनं यंत्र, सुऱ्या, चिमटे. सगळं लखलखीत पुसलेलं.

नऊ वर्षांपूर्वीची खंडेनवमी ती. गाव मिरज. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, आणि माणसांची नावंही बदलून सांगतोय. का, ते शेवटी कळेल.

मी सुतार. नावानं कुणी हाक मारलेली मला आठवत नाही, अख्खं हॉस्पिटल मामाच म्हणायचं. डॉक्टर गाठ कापून काढतात, ती आमच्याकडं येते, आम्ही तिचे काप काढतो, रंगवतो आणि काचेवर चढवून देतो. या कामात मी तेव्हा एकतीस वर्षं घासलेली होती. वडील खरेच सुतारकाम करायचे. खंडेनवमीला करवत, रंधा पाटावर मांडला की नैवेद्य दाखवून आरती होईपर्यंत ते कुणाला बोट लावू द्यायचे नाहीत. पूजेतलं हत्यार मधेच उचलायचं नाही म्हणजे नाही. मीही लॅबमध्ये हाच शिरस्ता चालवला होता. मोठे मोठे डॉक्टर त्या दिवशी माझं ऐकायचे आणि मला त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू.

नैवेद्याचा शिरा दरवर्षी रत्नाक्काच्या खाणावळीतून यायचा. रत्नाक्का मगदूम. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत तिची खाणावळ. चौदा वर्षं माझा दुपारचा डबा तिच्याकडचा. बायको गेल्यावर मी वाळत चाललो होतो, तेव्हा या बाईनं न विचारता डब्यात एक पोळी जास्त घालायला सुरुवात केली. मी परत पाठवली तर दुसऱ्या दिवशी दोन घातल्या. असा स्वभाव.

आणि त्या खंडेनवमीला, आम्ही यंत्रांना हार घालत होतो तेव्हा, रत्नाक्का वरच्या मजल्यावर ऑपरेशनच्या टेबलावर होती. डाव्या स्तनात गाठ निघाली होती. कॅन्सरची.

तिच्या ऑपरेशनच्या आठवडाभर आधी आमच्या लॅबच्या मुख्य डॉक्टर ऐनापुरे मॅडमनी तिला समोर बसवून सगळं समजावलं होतं. मी फॉर्मवर सही घ्यायला शेजारी उभा होतो. पुण्याच्या एका संस्थेबरोबर आमचं नवं काम सुरू झालं होतं. गाठीतला एक तुकडा त्या कॅनमधल्या द्रव नायट्रोजनमध्ये जागच्या जागी गोठवायचा आणि पुण्याला पाठवायचा. तिथं त्याचे जीनही तपासणार आणि प्रथिनंही, आणि दोन्ही जुळवून त्या माणसाला नेमकं कुठलं औषध लागू पडेल ते सांगणार.

"आक्का, तुमच्या वहीत आमटीची कृती लिहिलेली असते," मॅडम म्हणाल्या. "पण वहीत आहे तसंच रोज शिजतं का? मीठ कमी पडतं, कधी डाळ शिजतच नाही. जीन म्हणजे ती वही. प्रथिनं म्हणजे चुलीवर खरोखर जे शिजलंय ते. आपण दोन्ही बघणार."

"म्हणजे पातेल्यात बोट घालून बघणार म्हणा की," आक्का म्हणाली. मग विचारलं, हा तुकडा सांभाळणार कोण? मॅडमनी माझ्याकडं हात केला.

"मग मला घोर न्हाई," आक्का म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

मॅडमनी मला मात्र बाजूला घेऊन पुन्हा बजावलं होतं. मामा, जीन टिकतात, वहीला काही होत नाही. पण शिजलेलं नासतं. गाठ शरीराबाहेर आली की प्रथिनांवरच्या खुणा दुधासारख्या नासायला लागतात. वीस मिनिटांच्या आत तुकडा नायट्रोजनमध्ये गेला पाहिजे. वीसच्या वर गेलं तर पुण्याची माणसं तुकडा घेत नाहीत, पेशंट यादीतून बाद. मी मान हलवली होती. एकतीस वर्षं हेच तर करत होतो.

तर त्या सकाळी अकराला पाच कमी असताना यल्लाप्पा ऑपरेशन थिएटरमधून खाली आला. हातात स्टीलची वाटी, ओल्या कापडात गाठ, वर चिठ्ठी. काढल्याची वेळ दहा बावन्न. चिठ्ठीवर नाव नव्हतं, नंबर होता. पण त्या सकाळी दुसरं ऑपरेशनच नव्हतं.

मॅडम मीटिंगला गेल्या होत्या. लॅबमधले आम्ही सहाजण चादरीभोवती उभे होतो. निरांजन विझू नये म्हणून पंखा बंद केलेला. ऑक्टोबरचं ऊन काचेतून थेट आत येत होतं. पूजा झाली होती, फक्त नैवेद्य यायचा राहिला होता.

"लगेच करायचंय म्हणाल्यात सिस्टर," यल्लाप्पा म्हणाला.

"मला शिकवतोस होय? ठेव तिथं बेसिनजवळ. शिरा आला की आरती, पाच मिनिटांत घेतो."

पाच मिनिटं गेली. दहा गेली. ऑफिसातल्या कांबळेबाई म्हणाल्या, मामा, गुळाचा खडा दाखवा आणि उरका, लोकांना कामं आहेत. मी त्यांच्यावर डाफरलोच. आक्का तिकडं टेबलावर पडली असताना तिचा शिरा डावलून गुळावर भागवायचं? ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी तिनं सुनेला, त्रिशलाला, माझ्यासमोर बजावलं होतं, मी तिकडं मेले तरी लॅबचा शिरा चुकवू नको. मला तेव्हा खरंच वाटत होतं की आपण आक्कासाठी थांबलोय. आजही मी शपथेवर सांगेन की तेच वाटत होतं. बेसिनजवळच्या वाटीकडं माझी दोनदा नजर गेली. दोन्ही वेळा मी मनात म्हटलं, आता येईलच.

त्रिशला आली तेव्हा घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. ती बिचारी सकाळपासून थिएटरच्या दारात बसलेली. सासूला आत नेल्यावर तिला शिऱ्याची आठवण झाली, धावत घरी गेली, रवा भाजला आणि डबा पदराखाली धरून तशीच धावत परत. धापा टाकत होती. उशीर झाला का मामा, म्हणाली. मी म्हटलं छे गं, वेळेवर आलीस. मग साग्रसंगीत आरती झाली. मी सगळ्यांच्या हातावर शिरा ठेवला, कांबळेबाईंना मुद्दाम दोनदा. मग हात धुतले, कॅनचा हार उतरवला, झाकण उघडलं, गाठीतला तुकडा कापून नळीत घातला आणि नळी आत सोडली. वाफ वर आली. भिंतीवरचं घड्याळ बघितलं. अकरा छत्तीस.

चव्वेचाळीस मिनिटं.

फॉर्म समोर होता. गोठवल्याची वेळ, पुढं मोकळी चौकट. मी पेन घेऊन बसलो. खरं लिहिलं तर तुकडा बाद आणि आक्का यादीतून बाहेर. चौदा वर्षं जिनं जेवू घातलं तिची संधी माझ्या हातानं जाणार. हे एक. आणि दुसरं, जे मी तेव्हा स्वतःलाही नीट सांगितलं नाही, ते असं की उद्या मॅडम विचारतील, मामा, तुमच्याकडून? तुमच्याकडून असं? ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

मी लिहिलं, अकरा वाजता. म्हणजे आठ मिनिटं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

पाच आठवड्यांनी पुण्याहून अहवाल आला. मॅडमनी मला खोलीत बोलावलं. त्यांच्या पुढ्यात दोन कागद होते आणि कपाळाला आठ्या.

"मामा, इथं काहीतरी जमत नाहीये. जीन सांगतायत, आक्कांच्या गाठीतलं एक बटण बिघडलंय, ते चालूच राहिलंय. त्या बटणावर औषध आहे, चांगलं औषध आहे. पण प्रथिनं सांगतायत की बटण बंद. बंद बटणावर औषध देऊन उपयोग नाही, उलट हृदयाला त्रास. दोघांतलं एक खोटं बोलतंय." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुकडा गोठवायला उशीर नव्हता ना झाला?"

त्या क्षणी बोलायला हवं होतं. दार बंद होतं, आम्ही दोघंच होतो. मॅडम काही मला खाणार नव्हत्या. गाठीचा दुसरा भाग मी त्याच दुपारी औषधात बुडवून मेणात बसवून ठेवला होता, त्याचा तरी नीट विचार झाला असता.

"आठ मिनिटं, मॅडम. फॉर्मवर आहे," मी म्हटलं.

"हो, बघितलं मी. तुमचं लिहिलेलं असलं की मी दुसऱ्यांदा बघत नाही. तरी आपलं विचारलं." आणि त्यांनी फाईल मिटली.

डॉक्टरांची बैठक झाली. वहीपेक्षा शिजलेलं खरं, असं ठरलं. आक्काला ते औषध द्यायचं नाही, नेहमीची केमो द्यायची. आक्कानं ती सगळी घेतली. केस गेले, तोंड आलं, पण खाणावळ एक दिवस बंद ठेवली नाही. डबा येत राहिला. मी खात राहिलो. घास घशाखाली उतरायचा, हे सांगायला मला लाज वाटते, पण उतरायचा. माणूस स्वतःला काहीही पटवू शकतो. मी पटवलं होतं की केमोनं होईल बरी, बऱ्याच बायका होतात.

मे महिन्यात तिचं पोट दुखायला लागलं. तपासलं तर लिव्हरमध्ये गाठी.

मी त्या दुपारी डबा आणायला सांगितला नाही, स्वतःच खाणावळीत गेलो. जेवणाची गर्दी ओसरली होती. आक्का खुर्चीत बसून होती, डोक्याला रुमाल, समोर मेथीची जुडी. मला बघून म्हणाली बसा, आणि त्रिशलाला हाक मारून ताट वाढायला सांगितलं. मी नको म्हटलं तर ऐकायला तयार नाही. ताट आलं. मी पहिला घास मोडला आणि ती बोलायला लागली. मेथी निवडता निवडता, अगदी साधं, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं.

"मामा, तुमचा माझ्यावर राग तर न्हाई?"

"माझा? कशाचा राग?"

"तुम्ही एवढं सगळं केलंत. पुण्याला पाठवलंत, एवढ्या थोर लोकांनी बघितलं. माझ्यासाठी औषध होतं म्हणे, पण माझ्या अंगाला चालायचं न्हाई असं आलं. वहीत एक आणि अंगात एक." तिनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "सगळ्यांनी सगळं बरोबर केलं, मामा. माझंच अंग खोटं निघालं."

माझा घास हातातच राहिला. मी उठलो, हात न धुताच उठलो. आक्का मागून विचारत होती काय झालं, मीठ जास्त झालं का. मी थेट मॅडमच्या खोलीत गेलो आणि उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. पूजा, हार, शिरा, बेसिन, चव्वेचाळीस मिनिटं, आठ मिनिटं.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आक्काची फाईल काढून तारीख बघितली. मग म्हणाल्या, "सात महिने, मामा." एवढंच. मग फाईल मिटून, "तिचा मेणातला ठोकळा काढा. काप तुम्हीच काढायचा."

मी काढला. तीन काप वाया गेले, चौथा साधला. बटण चालू असेल तर जो रंग चढतो, आणि जो उशिरानं नासणाऱ्या खुणांवर अवलंबून नसतो, तो चढवला आणि काच मॅडमपुढं ठेवली. त्यांनी बघितलं आणि मला बघायला लावलं. कानाकोपऱ्यापर्यंत तपकिरी. बटण चालू होतं. पहिल्या दिवसापासून चालू होतं.

दुसऱ्याच आठवड्यात आक्काला ते औषध सुरू झालं. मला मेमो मिळाला, गोठवायचं काम माझ्याकडून काढून घेतलं, आणि ते योग्यच होतं. पुण्याला मॅडमनी स्वतः पत्र लिहिलं. राहिलं होतं फक्त आक्काला सांगायचं. मॅडम म्हणाल्या मी सांगते, तो माझा भाग आहे. मी म्हटलं, तेवढं मला करू द्या. नाहीतर मी कधीच करणार नाही.

त्याच खुर्चीत बसली होती. मी समोर पाटावर बसलो.

"आक्का, तुमचं अंग खोटं नव्हतं," मी म्हटलं. "माझी वेळ खोटी होती."

मग सगळं सांगितलं. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "किती वेळ पडून होतं?"

"चव्वेचाळीस मिनिटं."

"कशासाठी थांबला होता?"

सगळं सांगितलं म्हणालो ना, ते पूर्ण खरं नाही. पूजेत अडकलो एवढंच सांगितलं होतं. शिऱ्याचं नाव तोंडातून निघालं नव्हतं. आता ती बघत होती आणि मला खोटं बोलायचा वीट आला होता.

"शिऱ्यासाठी," मी म्हटलं.

आक्काचा चेहरा बदलला. एवढा वेळ ती माझ्याकडं बघत होती. आता तिनं मान वळवून आत बघितलं. आत त्रिशला पाठमोरी बसून पोळ्या लाटत होती, शेजारच्या रेडिओवर काहीतरी लागलं होतं, ती त्याबरोबर गुणगुणत होती. आक्का तिच्याकडं बघत राहिली. मग खुर्ची पुढं ओढून तिनं आवाज एकदम खाली आणला.

"हिला हे कळता कामा नये."

"आक्का..."

"ऐका. शिरा चुकवू नको म्हणून मीच सांगितलं होतं. माझ्या ऑपरेशनच्या दारातनं उठून पळत गेली होती ती पोर. उशीर माझ्यामुळं झाला असं तिच्या डोक्यात गेलं, तर जन्मभर स्वतःला खात बसंल. चूक तिची न्हाई. तुमची हाय. ती तुमच्यापाशीच राहू दे."

मी मान हलवली. मग मला राहवलं नाही, मी हात जोडले. ती म्हणाली, "माफी मागू नका, मामा. देता यायची न्हाई मला. आणि न्हाई म्हणायला जीव होत न्हाई."

मी उठून आलो. वाटलं, संपलं, आता हे दार बंद झालं. दुसऱ्या दिवशी एक वाजता डबा आला. रोजच्यासारखा, एक पोळी जास्त घातलेला. तो रोज आला. ते औषध आक्काला लागू पडलं. गाठी आक्रसल्या, केस परत आले, त्रिशलाच्या मुलीचं बारसं तिनं मांडीवर घेऊन केलं. एकोणीस महिने मिळाले. मॅडम म्हणायच्या, सुरुवातीलाच दिलं असतं तर किती मिळाले असते ते कुणालाच सांगता येणार नाही, मामा, कदाचित तेवढेच. त्या मला धीर द्यायला म्हणायच्या. मी ते सात महिने मोजायचो.

मी निवृत्त झालो त्याला आता पाच वर्षं झाली. खाणावळ त्रिशला चालवते, सासूपेक्षा चोख चालवते. लॅबमध्ये खंडेनवमी अजून होते, पण मॅडमच्या नियमानं. चालू कामाचं यंत्र पूजेत मांडायचं नाही, त्याला लांबूनच नमस्कार. शिरा मात्र खाणावळीतूनच जातो, आणि लॅबमध्ये द्यायच्या आधी एक वाटी माझ्या घरी येते.

यंदाही आली. सकाळी साडेनऊला. त्रिशला स्वतः घेऊन आली, बरोबर लेक होती. मी म्हटलं, एवढ्या लवकर कशाला गं धावपळ करतेस.

"त्या वर्षी उशीर झाला होता ना, मामा," ती म्हणाली. "तेव्हापासून कधी होऊ दिला न्हाई. आत्याबाईंनी एवढं बजावून ठेवलं होतं आणि माझ्याच्यानं वेळेवर झालं न्हाई, ते मनात राहून गेलंय." ती दारातच उभी होती, चप्पल न काढता. मग तिनं विचारलं, "मामा, एक विचारू? तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी खोळंबला होता. त्यानं कुणाचं काही अडलं तर नव्हतं ना?"

मी वाटी हातात घेतली. शिरा गरम होता, वर बेदाणे लावलेले, आक्का लावायची तसे कडेनं.

"छे गं बाई. कुणाचं काय अडतंय," मी म्हटलं. "पाच मिनिटंसुद्धा थांबलो नव्हतो आम्ही."

तिचा चेहरा मोकळा झाला. खाऊन बघा, साखर बरोबर आहे का सांगा, म्हणाली आणि वाटी परत न्यायला दारातच थांबून राहिली. मी तिच्या देखत सगळा शिरा संपवला.